रक्ताच्या फ्रीजची फाइल

मी, दामिनी चंद्रभान खोब्रागडे, वय चोपन्न, राहणार इंदोरा, नागपूर, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके जागेवर आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगी पायल हिला. साड्या भाऊ भूपेशची बायको नंदिनी हिला. भूपेशने बोलणे सोडले तेव्हाही तिने सोडले नाही.

२. भूपेश माझा धाकटा भाऊ. जरीपटक्यातली लहानशी रक्तपेढी आम्ही दोघांनी उभी केली. फ्रीज तापला की माझ्या व पायलच्या फोनवर इशारा यावा, अशी सॉफ्टवेअरची सेटिंगची फाइल मी पेढीच्या सर्व्हरवर बदलून ठेवली होती. गेल्या वर्षी मे महिन्यात मी वर्ध्याला लग्नाला गेले असता भूपेशने सॉफ्टवेअरचे अपग्रेड चालवले. मशीनने विचारले, ही फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवीन घेऊ? त्याने नवीन घेतली. तीत आमचे नंबर नव्हते. दुपारी फ्रीज बंद पडला, फोन वाजलाच नाही. संध्याकाळी पायलने दार उघडले तर रक्ताच्या पिशव्या कोमट. बाळंतीण पिंकीसाठी रक्त न्यायला तिचा नवरा अंकुश पायरीवर उभा होता. दुसरीकडून रक्त येईपर्यंत उशीर झाला. पिंकी वाचली, गर्भाशय काढावे लागले.

भूपेश म्हणाला, "मशीननंच विचारलं ताई, मी हो म्हटलं. मायं काय चुकलं?"

मी म्हटले, "मशीननं तुले विचारलं. तू मले काहून नाही विचारलं?"

त्यानंतर आम्ही बोललो नाही. आधीच्या मृत्युपत्रात मी पेढीतला माझा सगळा हिस्सा पायलच्या नावे लिहिला.

३. पुढे पेढी कोणीही चालवो, हे पाळावे. ज्या फाइलला आपण हात लावलेला नाही, ती अपग्रेडने खुशाल बदलावी. जिला लावला आहे, ती चालू ठेवून नवीन शेजारी ठेवावी आणि माणसाने दोन्हींतला फरक वाचावा. जुनीलाच चिकटून बसणेही धोक्याचे. नवीनमध्ये सुरक्षेची दुरुस्ती असू शकते.

४. आज दुपारी भूपेशचा फोन आला. "ताई, नवीन अपग्रेड आलं. थे पुन्हा विचारून राहिलं. मी काही दाबलं नाही."

"नको दाबू. पायलले बोलव."

दोघांनी मला फोनवर फरक ओळीओळीने वाचून दाखवला. आमचे नंबर राहिले, पासवर्डचा नवा नियम घेतला. मग पायलने फ्रीजचे दार मुद्दाम उघडे ठेवून पाहिले. माझा फोन वाजला. इशारा पोचला का ते विचारायला भूपेशने पुन्हा फोन केला. मग म्हणाला, "उद्या दवाखान्यात येऊ का?"

"ये," म्हटले.

म्हणून पेढीतला माझा हिस्सा पायल व भूपेश यांना निम्मा-निम्मा. सर्व्हरचा पासवर्ड दोघांकडे राहील.

५. हे मृत्युपत्र बंद पाकिटात पायलकडे देते; मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठून आले, तर पाकीट न फोडता मला परत द्यायचे, असे तिला सांगितले आहे. भूपेशला सांगायचे ते मी तोंडाने सांगेन.

सही: दामिनी खोब्रागडे
आमच्यासमक्ष सही केली: रुख्माबाई वासनिक, शेजारी, नानाजी गजभिये, निवृत्त शिक्षक
नागपूर, १४ जून २०२५