दाराखालची पाचर

दादा,

वरणभात झाकून ठेवला आहे. आईचा संध्याकाळचा काढा विसरू नकोस. मी जयेंद्रगंजला इंदुमावशीकडे राहायला जाते आहे. न्यायला येऊ नकोस.

सकाळी माझ्या खोलीचं दार उघडेना, तेव्हा तू बाहेरून म्हणालास, "शामे, ओलीने दार फुगलंय. धक्के देऊ नकोस, मी सुतार आणतो." तुझ्या शब्दावर मी परीक्षेला नेसलेल्या साडीत दोन तास खाटेवर बसून राहिले. शेवटी खिडकीतून समोरच्या हरप्रसाद मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी येऊन दार उघडलं आणि म्हणाले, "बिटिया, दरवाज़ा फूला नहीं है. किसी ने नीचे पच्चर ठोकी है."

पाचर त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती ओळखली. खाटेचा पाय डुगडुगला किंवा कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला, की घरात पाचर तासतोस तूच. तुझ्या डाव्या हाताने ती नेहमी एका अंगाला जास्त उतरते.

मी शाळेत पोचले तेव्हा शिक्षिकांची परीक्षा संपली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी या."

मुलाकडच्यांना मास्तरीण सून नको, हे तू मला तोंडावर सांगायचंस. मी भांडले असते, रडले असते, पण तुझ्याशी बोलत राहिले असते.

आईला अजून वाटतंय की दार खरंच फुगलं होतं. तिला खरं काय ते तूच सांग.

शामला