दुसऱ्या डॉक्टरची गोळी

आई,

लिहीन लिहीन म्हणत टाळत राहिले. हे पत्र बहुतेक टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. हॉटेलांच्या चादरी धुतात तिथे मी इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर आहे. एवढ्या चादरी, पण मला पांघरायला एक नाही! असो.

फिट परत आली, म्हणून इथल्या कामावरच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली. आपल्या डॉक्टरांची जुनी चालूच आहे, हे मी सांगितलं नाही. दोन-दोन गोळ्यांवरच्या पोरीला तापल्या यंत्रावर कोण ठेवील?

फिट थांबली. पण आता प्रत्येक माणसाशेजारी त्याचंच दुसरं, फिकट माणूस दिसतं. वाफेत आधी ते वळतं, मग खरं माणूस. तोलही जातो. मुकादम मावशी म्हणाली, "सकाळीच ढोसलीस काय गं?" मी हसण्यावारी नेलं. नवीमुळे जुनी अंगात साठत जाते, असं गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर छापलंय. पण जुनी सोडली तर फिट येईल, आणि सांगितलं तर काम जाईल. काल हात यंत्रात जाता जाता वाचला.

थांब, दार वाजतंय.

मावशी आलीय! माझा एप्रन धुवायला टाकताना खिशात जुन्या गोळ्या सापडल्या, त्या तिच्या हातात आहेत. म्हणतेय, "चपला घाल. डॉक्टरांना दोन्ही दाखवू. उद्यापासून तू घड्या घालायला बस."

तुझी,
पायाला भिंगरी लागलेली