फक्त मथुराबाईंच्या हातून

भिलाई,
बुधवार, ६ फेब्रुवारी १९६३

प्रिय मथुरा,

१. सोमवारी सव्वाअकराला तुझ्या चौथीच्या वर्गात कांताला दम्याचा झटका आला.
२. गोळ्यांची पुडी तिच्या दप्तरात होती. तिने गोळी घेतली नाही.
३. तुझ्या जागी आलेल्या बाईंना वाटलं, धावत आली असेल म्हणून धाप लागली.
४. पावणेबाराला ओठ निळे पडले. शिपायाने सायकलवर दवाखान्यात आणलं.
५. इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी श्वास मोकळा झाला.

डॉक्टरांना मी एवढाच अहवाल दिला. तू तुमसरला पहिल्या बाळंतपणाला गेलेली. तुला यात ओढू नये असं दोन दिवस ठरवत होते.

गोळी का नाही घेतली, असं तिच्या आईने, भागीरथाबाईंनी विचारलं तेव्हा पोर माझ्याकडे बोट करून म्हणाली, "या नर्सबाईनंच लिवलं हाये ना, फक्त मथुराबाईच्या हातून. मथुराबाई त नव्हती." पुडीवरचं अक्षर माझंच. पोरीने मनाने दोन गोळ्या घेऊ नयेत म्हणून तसं लिहिलं होतं. तुझी रजा मला डिसेंबरपासून ठाऊक होती. पुडीवरची सूचना मी बदलली नाही. हे अहवालात नाही.

काल शाळेत गेले. दम कसा ओळखायचा ते सगळ्या शिक्षकांना दाखवायचं होतं. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं मिळाली. तिघं बसले, एकजण वह्या तपासत होते. हेडमास्तरांनी पुडी कपाटात बंद केली आहे: मुलांच्या हाती औषध नको. डॉक्टर म्हणतात, शाळा आपल्या वॉर्डात येत नाही. भागीरथाबाई म्हणाल्या, "मले शिकेल पोरगी नाई पायजे, जित्ती पायजे." तिचा बाप देवराव सोमवारी, १८ तारखेला दाखला काढून तिला गावी धाडणार आहे. तिथे इंजेक्शन द्यायलाही कुणी नाही. हे मी दोनदा सांगितलं. माझं आता कुणी ऐकत नाही, आणि ऐका असं म्हणायला मला तोंड नाही.

हेडमास्तर वर्गशिक्षिकेची सही मानतील, असं म्हणाले. म्हणून लिहिते आहे. कांता समजूतदार आहे, पुडी तिच्याजवळच असावी, दम लागताच अर्धी गोळी तिने स्वतः घ्यावी, एवढं हेडमास्तरांना उद्देशून तुझ्या सहीने लिहून दे. भागीरथाबाईंनाही वेगळी चिठ्ठी लिही. त्या तुझं मानतात. चूक माझी होती, हेही त्यात घाल. तुझं उत्तर शनिवारी, १६ तारखेपर्यंत माझ्या हाती पडू दे.

तुझीच,
गिरजा