अंगणातला न सारवलेला पट्टा

मी, मंदाकिनी त्र्यंबक प्रधान, वय एकसष्ट, राहणार खोपट, ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. आनंदला शंका असल्यास त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे.

१. यजमानांनी माझ्या नावे केलेले राहते घर माझ्यामागे पुतण्या आनंद यास मिळावे. त्याने मला आईसारखे सांभाळले. अंगणात शहाबादी फरशी घालण्याची त्याची फार दिवसांची हौस आहे, ती खुशाल पुरी करावी. मात्र तुळशीवृंदावनापासून विहिरीपर्यंतचा मातीचा पट्टा तसाच ठेवावा. ही घर मिळण्याची अट समजावी.

२. कारण असे. यजमान मीठ खात्यात होते. खाराघोड्याला, कच्छच्या रणाच्या कडेला राहत असताना, उघड्या कोरड्या जमिनीत एकेकटी बीळ करून राहणारी बारीक राखाडी माशी मी प्रथम पाहिली. ना पोळे, ना मध, ना राणी. पुढे ठाण्यास बदली झाली आणि तीच माशी बाळकुमच्या मिठागरांच्या बांधावर व आमच्या अंगणात दिसली. जिथे दिसली तिथे नकाशावर कुंकवाचा टिपका दिला. तो नकाशा मुलींच्या शाळेस द्यावा. मुंबईच्या एका विद्वानांनी, ही रणातली माशी, ठाण्यात असणे शक्य नाही, असे कळवले होते. त्यांना काही देऊ नये. चहाला मात्र बोलवावे आणि खुर्ची पट्ट्याजवळ मांडावी.

३. सोन्याच्या पाटल्या व भिंग सगुणा धाकू पाटील, राहणार बाळकुम, हिला द्यावे. ती आमचे अंगण सारवायला येते. पहिल्याच वर्षी बिळे पाहून म्हणाली, "बाय, यांची दारां मी कशी लिपू? मना नाय जमाचा." तेव्हापासून पट्ट्याला तिने शेणाचा हात लावला नाही. कामचुकार म्हणून शेजारणींची बोलणी खाल्ली. यजमान गेले, सुतक फिटायच्या दिवशी जावांनी सगळे अंगण सारवायला घेतले. मला बोलायचे त्राण नव्हते. सगुणा पट्ट्याच्या तोंडाशी फतकल मारून बसली, कंबर धरली म्हणाली, आणि शेण संपेपर्यंत हलली नाही. मग मीच हात देऊन तिला उठवले. त्या दिवसांत मला तेवढे एकदाच हसू आले. तिचे उपकार पाटल्यांनी फिटायचे नाहीत, हे मी जाणते.

४. माझे सुतक फिटेल तेव्हाही अंगण सारवायला घेतील आणि सगुणा येऊन बसेल. तिला कोणी ऊठ म्हणू नये. सगळे आटोपल्यावर तिला उठवायला आनंदने हात द्यावा. मी नसेन.

लिहिलेले दोनदा वाचले, बदलावेसे काही वाटले नाही.

मंदाकिनी त्र्यंबक प्रधान
ठाणे, ता. १२ फेब्रुवारी १९५५

आमच्यासमोर सही केली:
विश्राम भिवा म्हात्रे
पंढरी दगडू भोईर