वरची ओळ

ता. ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय शेंडेफळास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. शाळेच्या गणवेशांचा ढीग शिवून संपता संपत नाही. आईच्या पायांची सूज उतरली. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आई शेजारीच बसते, आणि हे तिच्यासमोर माझ्याने बोलवणार नाही.

गेल्या महिन्यात तू चार दिवस आलीस आणि स्वयंपाकघरातलं एकेक पाकीट उलटं करून आईला वाचायला शिकवलंस. दिवसाला सोडियम दोन हजार मिलिग्रॅमच्या आत हवं, हे बघ, ते बघ. पंधरा वर्षं मी मीठ कमी खा म्हणत होते, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तू म्हटलंस आणि मिठाची वाटी तिने आपणहून टेबलावरून उचलली. आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आमची धाकटी आहारतज्ज्ञ आहे. मोठी काय करते, ते कुणी विचारतही नाही. जळते मी तुझ्यावर. घे, लिहून टाकलं.

म्हटलं, जन्मभर लोकांची मापं घेतली, मला काय चार आकडे वाचता येत नाहीत? सुपाचं पाकीट आणलं. मागे सोडियम ४८०, दिवसाच्या मर्यादेच्या २४ टक्के. मोठ्या तोऱ्यात आईला वाचून दाखवलं आणि आठ दिवस रोज अख्खं पाकीट उकळून तिला पाजलं.

पाय सुजले. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "मीच चोरून वरून मीठ घेत होते."

घरी आल्यावर तिने रिकामं पाकीट माझ्यापुढे धरलं आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. पाकिटात वाढण्या चार, म्हणजे चौघांचं सूप. मी वाचलेला आकडा एकाच वाढणीचा होता, म्हणजे जवळजवळ दिवसभराचं सोडियम मी तिला एका वाडग्यात देत होते. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"मग प्यायलीस कशाला?"

"तू एवढ्या हौसेने वाचून दाखवलंस गं."

काल फोनवर तिने तुलाही तेच चोरून मीठ खाल्ल्याचं सांगितलं, तेव्हा तू तिला वाटेल तसं बोललीस आणि ती मुकाट ऐकत होती. पुन्हा बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल. आणि खरं सांगू? तेवढ्यासाठीच लिहिलेलं नाही. ती ऐकते तुझं, ऐकू दे. पण खोटं ती माझ्यासाठी बोलली, हेही मला तुला कळवायचं होतं.

आता वरची ओळ आधी वाचणारी, तुझी
ताई