खालचा ड्रम

१४ जुलै, सोमवार

खालचा ड्रम आजही कपडे ओलेच देतो! वरचा चाळीस मिनिटांत कोरडे करतो. खालचा दीड तास फिरला तरी चादर पिळली की पाणी निघेल. आमच्या लॉन्ड्रीत एकावर एक ठेवलेले दोन ड्रायर, एकाच दिवशी टेम्पोतून उतरवलेले. मग याचंच असं का?

बाहेर सारखी भुरभुर. नर्सिंग हॉस्टेलच्या पोरींचे गणवेश तीन दिवस अडकलेत. माझी लेक प्रज्ञा त्यांना हात जोडते. माझ्याकडे मात्र बघते ते कपाळाला आठ्या घालून. त्या आठ्याच मला जड जातात.

१५ जुलै

पहाटेपासून एकच विचार. ड्रायरला आत एक जाळी असते, कपड्यांचा बारीक कापूस तिच्यावर बसतो. तो रोज काढायचा. माझंच काम. गेल्या आठवड्यात मी ती जाळी सोड्याने धुतली होती. पुरती वाळवून बसवली, की ओलीच? आठवत नाही. कितीदा आठवून बघितलं!

प्रज्ञाला सांगावं का? नको. आधीच तिच्या डोक्याला ताप.

१६ जुलै

मेकॅनिक आला, राधाकृष्ण. मागचा पत्रा न उघडताच म्हणाला, "हीटरची कॉइल गेली. पुण्याहून मागवू. सोमवारी बसवतो."

प्रज्ञा म्हणाली, "आप्पा जाळी पाण्याने धुतात. सांगून ऐकत नाहीत."

म्हणजे तिने बघितलं होतं!

तो हसला. "बाबा, कपड्यांना अंघोळ घाला. मशीनला नका घालू!"

हॉस्टेलच्या दोन पोरी उभ्या होत्या, त्याही हसल्या. मी घड्या घालत राहिलो. एकाच चादरीची घडी तीनदा मोडली.

दुपारी प्रज्ञा कर्जतला फोनवर, माझ्या थोरल्या भीमराजशी. मी आत इस्त्रीच्या टेबलापाशी होतो, तिला वाटलं मी चहाला गेलो. "दादा, आप्पांना आता तुझ्याकडे ने. दिवसभर धास्तावलेले असतात. लाईट गेली की धास्ती, गिऱ्हाईक बोललं की धास्ती. आणि करायला जातात एक, होतं एक."

खोटं नाही त्यात काही.

१७ जुलै

भीमराजचा फोन आला. "जय भीम आप्पा. सोमवारी दहाच्या गाडीला बसा. मी स्टँडवर येतो." पोरगा चांगला आहे. सून चांगली आहे. जेवायला वेळेवर मिळेल. पण तिथे मी काय करू? ओट्यावर बसून येणारे-जाणारे मोजू? प्रज्ञाची आई गेली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून या घड्यांनीच मला धरून ठेवलंय. सकाळी उठलं की दुकानात जायचं असतं, एवढं पुरतं माणसाला.

हे प्रज्ञाला तोंडाने सांगता येत नाही. इथे लिहिलं.

संध्याकाळी खालच्या ड्रमच्या काचेवर सहज हात टेकला. चटका बसला! आणि काचेला आतून घाम. कॉइल गेली असती तर ड्रम थंड नसता का राहिला?

१८ जुलै

बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली. सातवी पास माणूस, पण आग कळते. चिमणी ओढत नसेल तर भट्टी आतल्या आत तापते आणि काम होत नाही. इथेही तेच असणार. गरम हवा आहे, पण ओल घेऊन बाहेर जात नाही. ड्रम फार तापला की मशीन स्वतःच आच बंद करते, थोड्या वेळाने पुन्हा लावते. म्हणून दीड तास!

प्रज्ञाला म्हटलं, "कॉइल नाही गं. हवा कोंडलीय."

"आप्पा, हा बॉयलर नाही. कम्प्युटर आहे त्यात."

बरं.

दोन्ही ड्रायरच्या हवेचे पाईप भिंतीतून मागे निघतात, शेजारच्या अख्तरीबीच्या अंगणात. तिकडे जायची वाट तिच्या दारातूनच. आणि दाराला कुलूप. तिची अफ्रीन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दीड महिन्याचं झालं तसं मायलेकरांना काष्टीला सासरी पोचवायला अख्तरीबी गेली, आठ दिवस झाले. कधी येते कोण जाणे!

१९ जुलै, शनिवार

आली! कुलूप निघाल्याचं दिसलं तसा दोन्ही ड्रम लावून, वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन गेलो. वरच्या पाईपासमोर धरला, कागद हातातून उडाला. खालच्यासमोर धरला. हलला नाही.

पाईपाच्या तोंडाला पिवळी ओढणी बांधलेली. तीन पदर, वरून सुतळी. आतून कापूस इतका साचलेला की गोधडीत भरावा. मधोमध कापड धगीने तपकिरी पडलं होतं. अजून चार दिवस गेले असते तर!

"अख्तरीबी, हे कुणी केलं?"

"अवो आप्पा, तुमच्या प्रज्ञानेच की! पावसात बाळाची दुपटी वाळंनात, म्हनून मी हितं दोरी बांधली. गरम वारा येतो ना. पन कापूस उडायचा, बाळ शिंकून शिंकून लाल. ती म्हनली, थांबा चाची, दुपटी वाळेपर्यंत ओढनी लावते. रोज लावायची, रोज सोडायची. आमी काष्टीला निघालो त्या गडबडीत ऱ्हायली बगा."

सुतळी कापली. दुकानात येऊन खालचा ड्रम लावला. बेचाळीस मिनिटं. चादर कडक कोरडी!

आधी वाटलं, ओरडून सांगावं. माझ्या जाळीने नाही झालं! मी नाही केलं! प्रज्ञा तेव्हा पोरींना गणवेश देत होती, कितीतरी दिवसांनी हसत होती. हिला आता ओढणीचं सांगायचं, तपकिरी डाग दाखवायचा. मग ही रोज झोपताना विचार करणार, आग लागली असती तर. उठून कुलूप दोनदा बघणार. माझ्यासारखी होणार. माझा हा स्वभाव तिला नको.

म्हटलं, "पाईपात कापूस अडकला होता. काढला."

"बघा! मी म्हणत होते ना, साफसफाई नीट होत नाही."

"हो."

राधाकृष्णला तिने फोन करून कॉइल नको म्हणून सांगितलं. कर्जतला फोन केला नाही.

२० जुलै

पिशवी भरली. दोन सदरे, दोन पायजमे, टोपी, गोळ्या, ही वही शेवटी. सगळं कालच धुऊन इस्त्री केलेलं. कागद धरून हवा कशी बघायची ते प्रज्ञाला दाखवलं. दर सोमवारी बघ म्हटलं. तिने मान हलवली, लक्ष मोबाईलमध्ये.

२१ जुलै, सोमवार

सकाळी अख्तरीबी डब्यात शेवया घेऊन दुकानात आली आणि काउंटरवरच सगळं बोलून गेली. "आप्पांनी सांगितलं न्हाई व्हय तुला?" प्रज्ञा घरात गेली, माझी पिशवी घेऊन आली, धुण्याच्या मशीनचं दार उघडून सगळे कपडे आत टाकले.

"अगं, धुतलेले आहेत ते!"

"माहितेय."

धुऊन झाल्यावर खालच्या ड्रममध्ये टाकले. बटण दाबलं नाही. दहाची गाडी निघून गेली तरी दाबलं नाही.

"आप्पा, हे वाळल्यावर घड्या कोण घालणार?" माझ्याकडे पाठ करून म्हणाली.

बटण मी दाबलं.