पुण्याचा रस्ता मालेगावावरून

आसेगाव, ता. मंगरुळपीर
रविवार, दुपार

प्रिय साढूभाऊ संघपालराव यांस,

आसेगावहून उकंडरावाचा सप्रेम जय भीम. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे माझी कंबर आणि तुमच्या थोरल्या मेव्हणीचा स्वभाव सोडला तर बाकी सगळं बरं आहे. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? डॉक्टरनं मांडी घालून बसायला मनाई केल्याचं कानावर आलं. मी एसटीत कंडक्टर म्हणून जन्मभर उभा राहिलो तरी माझे गुडघे शाबूत आहेत, आणि तुम्ही पंचायत समितीत जन्मभर खुर्चीत बसून ते घालवले, हे काही मला उलगडत नाही. सोयाबीन निघालं असेल. आमचं निघालं, बाजारभावाचं विचारू नका. तूर मात्र यंदा फुलावर बरी आहे.

आता फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमचा फोन रत्नमाला उचलते आणि माझा आवाज ऐकला की ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देते. (मागच्या खेपेला ‘राँग नंबर, भाऊजी’ म्हणाली.) व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमची नात ते घरभर मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला अनुभवानं माहीत आहे. म्हणून हे पत्र हरीओमच्या हाती पाठवतो आहे. तो शेलूबाजार ते तुमचं मालेगाव काळीपिवळी जीप चालवतो, माणूस भरवशाचा आहे. पत्र फक्त संघपालरावांच्या हातात द्यायचं असं मी त्याला बजावलं, तेव्हापासून त्याला वाटतंय की आपल्या दोघांत जमिनीची काही भानगड आहे. वाटू द्या.

पत्रास कारण की, पिंकीला आठवा महिना लागला. पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणे आसेगावला व्हायचं. पण पुण्याच्या डॉक्टरनं एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं. लेक माहेरी येत नाही तर माहेरच लेकीकडं न्यायचं, असं तुमच्या मेव्हणीनं, भागिरथेनं ठरवलं, आणि ते शब्दशः खरं केलं. डिंकाचे लाडू, शेकायची शेगडी, गोवऱ्या (पुण्यात मिळत नाहीत असं तिचं मत), तुरीच्या डाळीचं पोतं, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं आणि सुंभाची एक बाज. बाज ट्रॅव्हल्सवाला घेईना आणि रेल्वेनं जायला ती तयार होईना. म्हणून येत्या शनिवारी आमच्या सतीशच्या गाडीनं निघायचं ठरलं. बाज टपावर.

सतीशनं दोन वर्षांपूर्वी जुनी गाडी घेतली हे तुम्हाला माहीत आहे. (माहीत आहेच, त्यावरूनच तर सगळं घडलं.) आता मी एसटीत राहून एवढा रस्ता तुडवला, पण गाडीत तेल कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. आपण घंटी मारायची, गाडी निघायची. त्यामुळे पुण्याला पेट्रोल किती लागेल हे मी साधेपणानं सतीशला विचारलं. तेव्हा कळलं की गाडीचं मायलेज माणूस पाहून बदलतं. चहाच्या टपरीवर मंडळींनी विचारलं तर गाडी लिटरला बावीस देते. सासऱ्यानं विचारलं तर वीस. आणि पेट्रोल बाप भरणार असं दिसलं की पंधराच्या वर चढत नाही. मी म्हटलं, यातला खरा आकडा कोणता? तो म्हणाला, टाकी फुल करून मोजून पाहू.

मग आम्ही बापलेक गेल्या रविवारी टाकी फुल करून कारंज्याला निघालो. सतीशनं ताकीद दिली होती की एसी नाही, काच खाली नाही, वाटेत थांबणं नाही, कोणाला बसवणं नाही, तरच आकडा शुद्ध निघेल. मंगरुळपीर सोडलं नाही तोच फाट्यावर उदयसिंग आणि त्याची बायको उभी. उदयसिंग म्हणजे माझ्याच डेपोतला ड्रायव्हर, त्याच्या मागं उभं राहून मी निम्मी नोकरी केली. पोहरादेवीला निघाला होता, सोबत नारळांचं पोतं. आता मागची सीट रिकामी असताना त्याला हात हलवून पुढं जायचं? सतीश मायलेज मायलेज करत राहिला, मी दार उघडलं. बसल्यावर उदयसिंगनं सतीशचा गिअर टाकण्याचा हात पाहिला आणि त्याला राहवेना, म्हणून पुढं तोच चालवायला बसला. मानोऱ्यापुढं आणखी दोघं ओळखीचे निघाले. पोहरादेवीला दर्शन, प्रसाद, मग त्यांच्या पाहुण्यांकडं जेवण. कारंजा राहिलंच. परत येऊन मोजलं तर गाडीनं लिटरला नऊ दिले. पण मला सांगा, ओळखीचं माणूस रस्त्यात उभं असताना गाडी पुढं काढायची, हे आपल्याकडं शोभतं का?

(हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. तुम्हाला काय आठवलं ते मला कळलं. त्याबद्दल खाली लिहितो.)

पेट्रोलचं असं झाल्यावर सतीश म्हणाला, निदान रस्ता तरी नीट ठरवू. त्यानं मोबाईल पुढ्यात ठेवला. त्यातल्या बाईनं ताबडतोब सांगितलं, शेलूबाजारहून समृद्धीवर चढा आणि सरळ संभाजीनगर. भागिरथा मेथी निवडत बसली होती. म्हणाली, “त्या रस्त्यावर ना झाड ना माणूस. कोनाले काही झालं त पानी कोन देईन?” सतीश म्हणाला, आई, हाच सगळ्यात जवळचा आहे, मोबाईल सांगते. त्यावर ती म्हणाली, “तिले काय होते सांगाले. तिचं कोनी सोयरं राह्यते का रस्त्यात?”

मग सतीशनं हिंगोली-परभणीचा रस्ता काढला. ती म्हणाली, “परभनीले पेट्रोल महाग असते म्हन्तात.” जिनं आजवर पेट्रोलचा भाव विचारला नाही, तिला परभणीचा भाव कुठून कळला? मग अकोल्याकडून. तो रस्ता तिला उलटा वाटला. मग वैतागून सतीश म्हणाला, आता राहिला फक्त जुना नागपूर रोड, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर. गाव लागतात, वेळ लागतो, पेट्रोलही जास्त जातं, तो तर तुले चालतच नाही. मेथी निवडणारे हात थांबले. मग म्हणाली, “आता तुमचंच म्हननं असन त जाऊ त्या रस्त्यानं. माह्यं काय.” सतीश म्हणाला, आमचं म्हणणं कुठं आहे? ती म्हणाली, “पेट्रोल तुह्या बापाच्या फंडातून भर.” आणि मेथी घेऊन आत गेली.

तेव्हापासून तिनं सतीशला तीनदा विचारलं की गाडी मालेगावातून जाते का बाहेरून. मेहकरचं एकदाही विचारलं नाही.

तर साढूभाऊ, मालेगावच्या पुढं रस्ता कसा आहे, खड्डे बुजवले का, आणि तुमच्याकडं कोणत्या पंपावर काटा बरोबर असतो, एवढं हरीओमजवळ कळवावं, म्हणजे त्याप्रमाणे नियोजन करता येईल. बाकी काही विशेष नाही. गुडघ्याला जपा. नातीला आशीर्वाद.

आपला,
उकंडराव

ता. क. : वर लिहायचं म्हणून राहिलं ते आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी नुकत्याच घेतलेल्या गाडीनं आम्ही मेहकरहून परत येत होतो. रत्नमाला मालेगावच्या स्टँडजवळ केळीच्या गाडीपाशी उभी होती. तिनं गाडी ओळखली, हात वर केला, आणि भागिरथेनं तिच्याकडं बघून तोंडावर पदर घेतला. गाडी निघून गेली. ‘गाडी आली त बहीन तोंड लपवते’ असं रत्नमाला सगळ्या सोयऱ्यांत सांगते, आणि तिनं पाहिलं ते खरंच आहे. पण पदरामागं काय चाललं होतं ते तिला दिसलं नाही. साढूभाऊ, भागिरथेला गाडी लागते. एसटी लागत नाही, बैलगाडी लागत नाही, स्वतःच्या लेकाची गाडी लागते. पदराआड कॅरीबॅग होती आणि मी पुढच्या सीटवर दुसऱ्या कॅरीबॅगेची गाठ सोडत बसलो होतो. सतीशचं लक्ष समोरच्या ट्रकवर. त्या दिवशी तिनं माझ्याकडून पिंकीची शपथ घेतली की हे कोणाला सांगायचं नाही. कारण आठवडाभर आधीच तिनं गावभर सांगितलं होतं की आमच्या गाडीत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही. शपथ मोडली म्हणून पिंकीला काही होणार नाही, डॉक्टरला विचारून घेतलं आहे. (तो हसला, पण नाही म्हणाला.)

ता. क. दुसरी : पंपाचं आणि खड्ड्यांचं नाही कळवलं तरी चालेल. खरं काम हे, की गाडीत मागं एक जागा रिकामी आहे. पिंकी अकरावी-बारावीला दोन वर्षं तुमच्या घरी राहिली, रत्नमालेनं तिच्या वेण्या घातल्या, तिच्या तापात उशाशी बसली. परवा फोनवर पिंकीनं विचारलं, “आई, मावशी येते का?” भागिरथा म्हणाली, “तिले कामं असतात.” आणि फोन माझ्या हातात देऊन मागच्या दारी गेली. किती वेळ आली नाही. मला हे बघवत नाही. शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही मालेगावात येतो. रत्नमाला पिशवी भरून तुमच्या दारात उभी राहील एवढं करा. काहीही खोटं सांगा, पण उभी करा. ती उभी असली तर गाडी थांबेल, याची हमी मी देतो, कारण सतीशनं नाही थांबवली तर हँडब्रेक मी ओढीन.

ता. क. तिसरी : पाकीट चिकटवायला भाताची शितं मागायला स्वयंपाकघरात गेलो. भागिरथेनं विचारलं, “कोनाले लिवलं येवढं?” मी म्हटलं, एसटीच्या पेन्शनीचं आहे. ती चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, “मंग त्या पेन्शनवालीले लिवा, का खिडकीजवळची जागा तिची. मी मंधात बसतो.”

साढूभाऊ, ज्या बाईला गाडी लागते तिनं आपणहून खिडकी सोडलेली मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. रत्नमालेला भागिरथेची ही खिडकीची ओळ तेवढी वाचून दाखवा. वरचं सगळं पत्र नाही दाखवलं तरी चालेल.